हळू टाकलेला गियर

होडीच्या इंजिनाला तीनच गोष्टी कळतात, असं मामा म्हणायचा. पुढं, मागं आणि मोकळं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं होतं, "माणसालाही एवढंच कळतं की." तो म्हणाला, "माणसाला मोकळं कळत न्हाय."

मामाची होडी उजनी धरणाच्या पाण्यावर चालायची. जेऊर स्टेशनात उतरायचं, वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसायचं आणि ऊस संपून पाणी दिसायला लागलं की उतरायचं. तिथं बाभळीला बांधलेली लोखंडी होडी असायची आणि तिच्या मागच्या फळीवर निळं इंजिन. पलीकडचा तीर पुणे जिल्ह्यातला. होडीनं गेलं तर गप्पा रंगात येईपर्यंत तीर यायचा. रस्त्यानं जायचं तर पाण्याला वळसा घालत, दोन एस्ट्या बदलत, दिवस घालवायचा. पूल होणार असं मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून ऐकत होते.

मी सोलापूरची. आमचं घर कामगारांच्या वस्तीत. वडील चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फिटर होते आणि युनियनची पत्रकं तेच लिहायचे. माझी अक्षरओळख पुस्तकावर झाली नाही. वाटून उरलेल्या पत्रकांवर झाली. गुलाबी, पिवळा, हिरवट असा पातळ कागद. शाई एका बाजूनं दुसऱ्या बाजूला उतरलेली. घरात डब्यांखाली पत्रकं, फडताळात पत्रकं, माझ्या वह्यांना कव्हरही पत्रकांचीच. "आम्ही विचारतो" हे मी लिहिलेलं पहिलं पूर्ण वाक्य. पुढं काय विचारायचं ते सुचलं नव्हतं, पण वडिलांना ते इतकं आवडलं की त्यांनी शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. त्यांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. मागणी एका वाक्यात मांडायची, आणि पाना नटावर पुरता बसल्याशिवाय जोर लावायचा नाही. दोन्ही मला अजून पुरतात.

सुट्टी लागली की मी मामाकडं. तिथं पत्रकं नव्हती. तिथं पाणी होतं, चिलापी माशाचं कालवण होतं, हिवाळ्यात उथळ पाण्यात उभे असलेले रोहित पक्षी होते, आणि होडीत बसलेल्या माणसांचं न संपणारं बोलणं होतं. कॅन घेऊन दूधवाला, मोटारसायकल होडीत चढवणारा एखादा घाईतला माणूस, लेकीकडं निघालेली म्हातारी. मामा इंजिनाजवळ उकिडवा बसायचा, तोंडात काडी, नजर पाण्याच्या पलीकडं.

या होडीची एक रीत होती. पाण्याखाली जुनं गाव आहे. धरण भरलं तेव्हा ते बुडालं आणि लोक वर माळावर येऊन राहिले. जुन्या गावाचं देऊळ खाली आहे. दुष्काळी उन्हाळ्यात त्याचा कळस डोकं काढतो. होडी देवळावर आली की मामा इंजिन न्यूट्रलला घ्यायचा. पंखा थांबायचा, होडी आपल्याच वेगानं गुळगुळीत सरकत राहायची, लोक बोलणं थांबवून हात जोडायचे. देव ओलांडला की पुन्हा गियर. देवळाच्या माथ्यावर पंखा फिरवायचा नाही, हे मामाच्या आधीच्या नावाड्यानं सुरू केलं होतं. त्यात आणखी एक भर पडली होती. देवळावर इंजिन बंद पडणं अशुभ. म्हणून मोकळं असतानाही इंजिन दमात चालू राहावं, यासाठी मामानं त्याची रेस वाढवून ठेवली होती. होडीतल्या सगळ्यांना तो दमदार आवाज ऐकून बरं वाटायचं.

पाण्यात देऊळ कुठं आहे हे कसं कळायचं? काठावरचा एकटा लिंब पाण्याच्या टाकीच्या बरोबर पुढं आला की खाली देऊळ. मामानं मला ते लहानपणीच दाखवलं होतं.

आणि आपली वस्ती कुठं होती, हे मी विचारलं होतं. आम्ही बौद्ध. जुन्या गावात आमची घरं गावाच्या बाहेर, नदीच्या अंगाला होती. त्या जागेला गाव जे नाव द्यायचं ते मी लिहिणार नाही. पाणी चढलं ते आधी तिथं चढलं, कारण उताराची जागाच आम्हाला दिलेली होती. मामानं हातानं कुठंतरी मोघम दाखवलं आणि म्हणाला, "तितं असंल कुटंतरी." कॉलेजात गेल्यावर मी भांडायला लागले. देवळावर हात जोडायला होडी थांबते, मग माणसांच्या घरांवर का नाही? मामा हसायचा. "आली पत्रकवाली," म्हणायचा. "वस्तीवर होडी थांबवली तर हात कोन जोडनार?"

"मी."

"तू सोलापुरात असती. होडी रोज चालती."

तो विषय दर सुट्टीत तिथंच संपायचा.

मग एका हिवाळ्यात मामेबहिणीचा फोन आला. ती मामाची एकुलती एक लेक. पलीकडच्या गावात नर्सिंगच्या कॉलेजला जायची, रोज होडीनं. आमच्या नात्यात पांढरा कोट घालणारी ती पहिली होणार होती. फोनवर ती रडत नव्हती, चिडली होती. "ताई, आईनं माझं कॉलेज बंद केलंय. होडीचा गियर बिघडलाय म्हणून."

झालं होतं असं. इंजिनाचा गियर काही दिवसांपासून सुटायला लागला होता. मध्येच 'टक' व्हायचं, इंजिन बोंबलत सुटायचं आणि होडी जागच्या जागी. मामा परत गियर टाकायचा, कर्र असा आवाज यायचा, कधी पडायचा, कधी नाही. त्या दिवशी वारं होतं. काठाला लागताना मामानं रिव्हर्स टाकला आणि तो पडलाच नाही. होडी तशीच सरळ येऊन दगडी उतारावर आपटली. पुढं बसलेली बहीण पाण्यात पडली. पाणी कमरेएवढंच होतं, पण मामी काठावर उभी राहून बघत होती.

मामीनं ओरडाआरडा केला नाही. लेकीला ओढून घरी नेलं, कोरडे कपडे दिले आणि मामा जेवायला बसल्यावर म्हणाली, "जी होडी मागं घेता येत न्हाय तीत माझी लेक बसनार न्हाय. इंजिन नीट करा, न्हायतर ती घरी बसंल."

कॉलेजातली हजेरी आधीच काठावर होती. आणखी थोडे दिवस गेले की परीक्षेला बसता येणार नव्हतं, वर्ष जाणार होतं. होस्टेल भरलेलं होतं. एस्टीनं रोज जाऊन येणं म्हणजे अंधारात निघून अंधारात परतणं, आणि मामीनं त्यालाही नाही म्हटलं होतं.

मी दुसऱ्या दिवशी गाडीत बसले. वाटेत जोशात एक पत्रक डोक्यात तयार केलं. पूल का नाही, हे विचारणारं. पाण्यात घरं गेली त्यांच्याच पोरींची शिक्षणं पाण्यात का, असं त्यात वाक्य होतं. मला ते फार आवडलं होतं. मामाला काठावर वाचून दाखवलं. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं.

"झ्याक लिव्हलंय," तो म्हणाला. "पर पत्रकानं रिव्हर्स पडतो का?"

"पडत नाही."

"मंग ते खिशात ठेव. पाना आन."

मामानं होडी बाभळीला घट्ट बांधली, इंजिन तिरकं करून पंखा पाण्याबाहेर काढला. मी आधी प्लगची वायर काढली. हे वडिलांचं बघून. यंत्रात हात घालायचा तर ते चुकूनही चालू होणार नाही याची सोय आधी करायची. मग लिव्हर हलवून बघितली. लिव्हरपासून खाली एक सळई जाते, तीच खालच्या गियरला पुढं-मागं ढकलते. सळई गंजली असेल, वाकली असेल, तिचा सांधा ढिला झाला असेल तर वर लिव्हर पूर्ण फिरूनही खाली गियर अर्धाच पडतो. सांध्यात गाळ होता. आम्ही डिझेलनं धुतला, ग्रीस लावलं. सळई सरळ होती.

"पंखा फिरव," मी म्हटलं.

बहीण चिखलात गुडघे टेकून बसली होती. तिनं हातानं पंखा फिरवला. न्यूट्रलला पंखा मोकळा फिरायला हवा, तो फिरत होता. पुढच्या गियरला अडायला हवा. तो अडला, पण तिनं जोर लावला की 'टक' करून सुटायचा.

"हे बघा, हे बघा!" ती ओरडली. तिला वाटलं सापडलंच.

तेवढ्यात पंख्याच्या मागं, दांडीला गुंडाळलेला मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉनचा धागा दिसला. चांगला गुंताच होता. चाकूनं कापून काढताना आम्ही तिघंही हसत होतो. मामा म्हणाला, "जाळं मासे सोडून आमालाच धरतंय." सगळं बसवलं, होडी पाण्यात थोडी आत नेली. पुढं गियर पडला, होडी चालली, बहीण टाळ्या वाजवायला लागली, आणि 'टक'. इंजिन बोंबललं. होडी वाऱ्यानं परत काठाकडं यायला लागली.

मामी घराच्या दारातून बघत होती. ती आत गेली.

मामानं कुर्डुवाडीच्या मिस्त्रीला फोन लावला. हा मिस्त्री म्हणजे परिसरातल्या सगळ्या पाणमोटारी, मोटारसायकली आणि होड्यांचा डॉक्टर, आणि स्वतःची ख्याती तोच सांगणारा. फोन स्पीकरवर होता. "बघायचं कामच न्हाय, पंखाच हाय," तो म्हणाला. "आतलं रबर सुटलंय. दांडी फिरती, पंखा फिरत न्हाय. नवीन पंखा घिऊनच येतो."

मी म्हटलं, थांबा. रबर सुटलं असेल तर तपासता येईल. पंख्याच्या आतल्या गाभ्यावर आणि बाहेरच्या पात्यावर मिळून मी बहिणीच्या नखांच्या पॉलिशनं एक सरळ रेघ ओढली. होडी बाभळीला बांधूनच इंजिन चालवलं, गियर सुटेपर्यंत चालवलं. पंखा बाहेर काढून बघितलं तर रेघ जशीच्या तशी सरळ. आतलं रबर घसरलं असतं तर रेघ तुटली असती.

"मिस्त्री, पंखा आणू नका," मी फोनवर सांगितलं.

"कोन बोलतंय?"

"मामाची भाची. सोलापूरची."

"आयला, सोलापूरला होड्या कवापासून चालाय लागल्या?"

दुसऱ्या दिवशी तो मोटारसायकलवरून आला, मागं खोकं बांधलेलं. आल्या आल्या माझी रेघ बघितली आणि म्हणाला, "आपुनबी हेच करनार होतो." मग मात्र तो गंभीर झाला. त्यानं इंजिनाच्या खालच्या भागाचा, पाण्यात बुडणाऱ्या त्या पायाचा, तेलाचा स्क्रू खोलला. गियरचं तेल वाटीत पडलं. ते सोनेरी असायला हवं. ते दुधाळ, राखाडी होतं, आणि उन्हात धरल्यावर त्यात लोखंडाची बारीक चकाकी दिसत होती.

"पानी गेलंय आत. तुमी काढला म्हनला त्या धाग्यानं दांडीचं सील कापलं," मिस्त्री म्हणाला. "पर ही चकाकी पान्यानं येत न्हाय. काय तरी घासतंय. पाय खोलायचा."

पाय खोलला. अंगणात गोणपाट पसरून त्यावर भाग मांडले. मामी चहा घेऊन आली आणि उभीच राहिली. तिनं इंजिन कधी असं उघडं बघितलं नव्हतं. मिस्त्रीनं एक छोटी पोलादी कडी फडक्यानं पुसून तळहातावर ठेवली. तिच्या दोन्ही बाजूंना चौकोनी दात असतात. गियर टाकतो म्हणजे ही कडी सरकून तिचे दात समोरच्या चाकाच्या खाचांत अडकतात. पुढच्या चाकात अडकले की होडी पुढं, मागच्या चाकात अडकले की मागं, मध्ये राहिली की मोकळं. दातांचे कोपरे धारदार असले तरच ती धरून ठेवते.

या कडीचे कोपरे चोखून टाकलेल्या खडीसाखरेसारखे गोल झाले होते.

मिस्त्रीनं मामाकडं बघितलं. "गियर कसा टाकता तुमी? दावा."

मामानं हातात नसलेली लिव्हर हळूच, झोपलेल्या लेकराच्या अंगावर पांघरूण घालावं तशी पुढं सरकवली.

"अरे बापरे!" मिस्त्री मोठ्यानं म्हणाला. "मामू, गियर टाकताय का चोरी करताय? असं हळू ढकललं की दात अडकायच्या आधी नुसते घासत ऱ्हातात. आन् त्यात तुमची रेस एवढी वाढवलेली, म्हंजे घासतात ते जोरात घासतात. गियर एका दमात टाकायचा. ठाक! आवाज आला पायजे. आवाज आला म्हंजे बसला."

"इंजिनाला धक्का बसतो," मामा म्हणाला.

"इंजिनाला न्हाय बसत. तुमालाच बसतोय. माया लावाया ते काय वासरू हाय व्हय?"

सगळे हसले. मामाही हसला, पण कसानुसा. मला वाटलं, प्रकरण मिटलं. देवळावर एकदा न्यूट्रल, एकदा पुढं, वाढवलेली रेस, हळू हात. सवय चुकीची, कडी बदलायची, संपलं. माझ्या डोक्यात लगेच पत्रकाची सवय जागी झाली. अंधश्रद्धेपायी वाढवलेली रेस, वगैरे. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बहीण म्हणाली, "पण दादा, तुम्ही देवळावर तर ठाकच टाकता."

ती वडिलांना दादा म्हणते.

"काय?" मिस्त्री म्हणाला.

"देवळावर आवाज येतो. मी रोज ऐकते. हळू टाकता ते त्याच्या आधी. लिंब टाकीपुढं यायच्याही आधी, शाळेचा पत्रा मोबाइलच्या टॉवरमागं जातो ना, तिथं. तिथं होडी जराशी संथ होते आणि मग बारीक कुरकुर येते. येतानाही तिथंच, देवळानंतर. मी पुस्तक वाचत असते, तिथं मला पान उलटायची सवय लागलीय."

मिस्त्रीला त्यात काही कळलं नाही. तो कडी पुन्हा पुसायला लागला. मी मात्र काठाकडं बघत होते. शाळेचा पत्रा, टॉवर, आणि त्यांना जोडणारी सरळ रेघ मनातल्या मनात पाण्यावर ओढत होते. ती रेघ देवळापासून लांब, नदीच्या जुन्या अंगाला जात होती. उताराच्या बाजूला.

"मामा," मी म्हटलं, "तिथं काय आहे?"

त्यानं चहाची बशी खाली ठेवली.

"आपलं घर हाय," तो म्हणाला. "आईनं दारात शेवग्याचं झाड लावलं हुतं. म्या तवा एवढुसा. सामान गाडीत चढवताना आईनं चुलीतली राख बाहेर काढली आन् चूल सारवून ठेवली. परत यायचंय असं. मला तेवढंच आठवतं, वली चूल."

"मग इतकी वर्षं मला मोघम हात का करत होतास?"

"तुला सांगितलं असतं तर तू होडीत उभं ऱ्हाऊन भाषान केलं असतं."

मामी खुदकन हसली. मीही हसले, कारण ते खरं होतं.

"देवळावर थांबलं की सगळ्यांला म्हाईत हाय, का थांबलं," मामा म्हणाला. "हितं थांबलं की इचारत्यात. मंग सांगावं लागतं, हितं कोन ऱ्हात हुतं, का बाहेर ऱ्हात हुतं. मला ते नको हुतं. म्हनून हळूच मोकळं करायचो, हळूच टाकायचो. आवाज न्हाय, तर सवाल न्हाय."

मी दर सुट्टीत ज्याच्यासाठी भांडत होते ते हा माणूस रोज करत होता, जाताना आणि येताना, कुणाला न कळता. आणि त्या न कळण्यापायीच कडीचे दात गोल झाले होते. मला राग येत होता, पण मामाचा नाही. आपल्या घरावरून जाताना ज्याला आवाज करायची चोरी वाटते, त्याला ती चोरी कुणी शिकवली, याचा.

मामी म्हणाली ते मात्र यातलं काहीच नव्हतं. ती म्हणाली, "म्हंजे तुमी हळू टाकला म्हनून माझी लेक पान्यात पडली."

"व्हय," मामा म्हणाला.

"मंग आता जोरात टाका."

नवी कडी आणि सील पुण्याहून यायला दोन-तीन दिवस गेले. मिस्त्रीनं सगळं बसवलं, नवं सोनेरी तेल भरलं, रेसचा स्क्रू फिरवून इंजिन इतकं संथ केलं की मामाला ते बंद पडेल अशी भीती वाटत राहिली. पडलं नाही. मिस्त्री जाताना मला म्हणाला, "सोलापुरात होडी चालू झाली तर कळवा."

आता मधल्या पाण्यात पुलाचे खांब उभे राहिले आहेत. होडीतून जाताना ते एकेक करून मागं पडतात. पूल झाला की मोटारसायकलवाले, दूधवाले, कॉलेजच्या मुली, सगळे वरून जातील, आणि त्यांनी तसंच जावं. त्यासाठीच तर मी पुढं ते पत्रक छापलं, फिकट गुलाबी कागदावर, वडिलांच्या पद्धतीनं, मागणी एका वाक्यात. पण पुलावरून वेगानं जाणाऱ्याला खाली काय आहे ते कोण सांगणार, असं वाटतं, आणि मग मला त्या चाचणीच्या सकाळची आठवण येते.

त्या सकाळी होडीत मामी स्वतः बसली. तिनं चाचणी घ्यायची ठरवलं होतं. पदर खोचून ती मध्ये बसली, दोन्ही हातांनी फळी धरून. बहीण पुढं, मांडीवर पुस्तक. दूधवाला होता, एक मोटारसायकलवाला होता, आणि जुन्या गावातल्या थोरल्या आळीतली एक म्हातारी लेकीकडं निघाली होती. मामानं दोरी ओढली, इंजिन चालू झालं. ठाक. होडी निघाली.

शाळेचा पत्रा टॉवरकडं सरकायला लागला तसं मी मामाच्या हाताकडं बघायला लागले. पत्रा टॉवरमागं गेला. मामानं काडी तोंडातून काढून पाण्यात टाकली आणि लिव्हर ओढली. ठाक! संथ इंजिनावर तो आवाज इतका मोठा आला की म्हातारी दचकली.

"काय झालं?" दूधवाला म्हणाला. "परत बिघडलं व्हय?"

"न्हाय," मामा म्हणाला. "हितं खाली आमची वस्ती हाय. आमचं घर हाय."

होडी सरकत होती. पाण्याचा होडीच्या पोटाला लागणारा आवाज ऐकू येत होता.

"एवढी वर्षं बसतोय तुझ्या होडीत," दूधवाला म्हणाला. "कदी बोलला न्हाईस."

"इचारलं कुनी?"

दूधवाला कॅनचं झाकण उगाचच दाबत राहिला. म्हातारीनं मान वाकवून पाण्यात बघितलं, जसं काही दिसणारच होतं. "शेवग्याच्या झाडाचं घर व्हय?" ती म्हणाली. "त्या शेंगा आमी पोरी चोरून न्यायचो की. तुझी आई लई शिव्या द्यायची."

"देत हुती," मामा म्हणाला.

"चला की आता," मोटारसायकलवाला म्हणाला. "उशीर व्हतोय."

मामानं त्याच्याकडं बघितलं. "देवळावर उशीर व्हत न्हाय व्हय तुमाला?"

दूधवाला हसला, म्हातारी हसली, आणि मोटारसायकलवाल्याला हसण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. मी भाषण केलं नाही. करायचं काही उरलं नव्हतं. मामानं लिव्हर पुढं ढकलली. ठाक. गियर बसला आणि सुटला नाही.

देवळावरही ठाक झालं, आणि हात जोडले गेले. पलीकडचा दगडी उतार जवळ आला. मामी फळी अधिक घट्ट धरून बसली. मामानं वेग कमी केला, मोकळं केलं, आणि मग एका दमात रिव्हर्स टाकला. पंख्यानं पाणी मागून पुढं ढवळलं, होडी थरथरली आणि दगडांपासून हातभर अंतरावर जागच्या जागी उभी राहिली.

"परत एकदा," मामी म्हणाली.

"लोकांला उतरू दे की."

"लोकं उतरतील. परत एकदा."

मामानं होडी मागं घेतली, पुन्हा पुढं आणली, पुन्हा थांबवली. ठाक, ठाक, ठाक. तीरावर वाट बघणारी माणसं हसायला लागली. मामीनं मग फळी सोडली आणि पदर नीट केला. लेकीकडं वळून म्हणाली, "उद्या डब्याला काय देऊ?"

"काहीही," बहीण म्हणाली. ती आधीच पुस्तक बंद करून उभी होती. "पण दोन चपात्या जास्त घाल. दूधवाले काका मागतात."